मदत हवी आहे : जिनिंगमधले सर्व्हर नागपुरातून सुरू करायचे आहेत, अर्जंट

कापूसवाला
आर्वीच्या पुढे जिनिंगमध्ये दोन सर्व्हर आहेत, मी नागपुरात. लाइन गेली की बंद पडतात, आली तरी उठत नाहीत. वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून संदेश पाठवून बंद मशीन उठवायची सोय) चालू आहे. तिथं बसून केलं तर चालतं, इथून नाही. उद्या सकाळी ७ पासून काट्यावर गाड्या लागतील. सुरक्षित उपाय सांगा.

वऱ्हाडी_रूट
भाऊ, नेट केबलचं की सिमचं?

नेटगडी
सोपं आहे. राउटरमध्ये यूडीपी ९ पोर्ट (बाहेरचा संदेश आत यायचं दार) सर्व्हरकडे वळवा. माझं दोन वर्षांपासून चालू आहे.

वऱ्हाडी_रूट
असं नका सांगू. मशीन उठवायच्या त्या पॅकेटात (संदेशात) सहा बाइट एफएफ, मग मॅक पत्ता (नेट कार्डाचा क्रमांक) १६ वेळा, संपलं. १०२ बाइट. काही कार्डांत पासवर्डची सोय असते, पण तोही उघडाच जातो. बाहेरून दार कायले ठेवता?

नेटगडी
मशीन सुरूच होईल ना, चोरी थोडीच होते?

वऱ्हाडी_रूट
आज हे पोर्ट, उद्या रिमोट डेस्कटॉपचं (दुरून मशीन चालवायचं). लोक तिथंच फसतात.

संत्रा_मोर्शी
आधी चांगला इन्व्हर्टर घ्या. बाकी कापसाला भाव काय देऊन राहिले तुमच्याकडे?

कापूसवाला
भाव नंतर. नेट सिमचं आहे.

वऱ्हाडी_रूट
हे आधी सांगायचं होतं! सिमवर बहुधा पब्लिक (बाहेरून गाठता येईल असा) पत्ताच मिळत नाही, पोर्ट वळवून काही होणार नाही. राउटर आणि एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक) छोट्या बॅटरीवर ठेवा. पायवरून इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरला वायरगार्ड व्हीपीएन (खाजगी, सुरक्षित जोडणी) जोडा, कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवायचा संदेश) दर २५ सेकंदांनी. तुम्ही नागपूरहून त्याच व्हीपीएनमध्ये या, पॅकेट पाय सोडेल. आजच्यापुरतं बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ‘एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ करा. लाइन पूर्ण गेली की कार्डाचा स्टँडबाय करंटही जातो, मग काही बोर्ड पॅकेट ऐकतच नाहीत.

कापूसवाला
मुनीमजींकडून फोनवर सेटिंग करून घेतली, मेन स्विच पाडून पाहिला. दोन्ही उठले! पण एक पासवर्ड मागून थांबला. त्याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली (पासवर्डनं कुलूपबंद) आहे.

लिनक्सताई
लिनक्स असेल तर इनिटरामएफएसमध्ये (डिस्क उघडण्याआधी चालणाऱ्या छोट्या सिस्टिममध्ये) ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) सर्व्हर बसवा, एसएसएच किल्लीनं पायवरून कुलूप उघडता येतं. पण ते बसवायला मशीन एकदा उठायला हवी. आज भरवशाच्या माणसाकडून पासवर्ड टाकून घ्या, नंतर बदला.

कापूसवाला
भाचा गाडीनं निघाला आहे. उबंटू आहे, ताई. तो पोचेपर्यंत कमांड टाकून ठेवाल का?