संपर्क 'अपडेट' करणाऱ्या टूलच्या वर्णनाबद्दल

एआय एजंटला (आपल्या वतीने कामं करणाऱ्या एआयला) वापरायला दिलेल्या टूलचं, म्हणजे आपल्या प्रोग्राममधल्या एखाद्या कामाचं, नाव बोलकं असलं की वर्णन एका ओळीत भागतं, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. एजंटला आपला कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची त्याचा आराखडा) एवढ्यावरच टूल कसं वापरायचं हे तो ठरवतो.

आमच्या टूलला मी 'संपर्क अपडेट करतो' एवढंच लिहिलं होतं. एजंटने एका ग्राहकाचा फक्त नवा ईमेल पाठवला, आणि फोन, पत्ता, टिपा सगळं कोरं झालं. एजंटचं काय चुकलं? न दिलेली फील्ड पुसली जातात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग कोड सुधारला आणि वर्णन असं केलं: "फक्त दिलेली फील्ड बदलतो, बाकीची तशीच राहतात. आयडी आधी शोध टूलमधून घ्या. एकाच नावाचे दोन संपर्क सापडले तर स्वतः निवडू नका, वापरकर्त्याला विचारा."

फोनसाठीही ई.164 पद्धत (फोन नंबर लिहिण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत) वर्णनात स्पष्ट लिहा: भारतातला नंबर +91 सह, मध्ये जागा नको. नाहीतर नंबर वेगवेगळ्या प्रकारे लिहिला जाऊन एकच माणूस तीनदा नोंदला जातो.

एमसीपीमध्ये (एजंटला टूल जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीत) डिलीटसारख्या टूलला 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट' (हे टूल डेटा पुसू शकतं अशी खूण) लावता येते, ती जरूर लावा. पण ती नुसती सूचना असते, त्यामुळे खरी अडवणूक सर्व्हरवरच हवी.