अकिलीसने नजराणा नाकारला ते योग्यच केलं

होमरच्या इलियड या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्याचा नववा सर्ग वाचून बरेच जण अकिलीसला, ग्रीकांच्या सर्वात मोठ्या योद्ध्याला, हेकेखोर ठरवतात. मला ते अजिबात पटत नाही.

प्रसंग असा. ग्रीक सैन्याचा प्रमुख राजा अ‍ॅगामेम्नॉनने भर सभेत पाणउतारा करून अकिलीसच्या वाट्याला आलेली युद्धबंदी स्त्री ब्रिसेइस हिसकावली, तेव्हापासून तो लढाईतून बाजूला बसलाय. ट्रॉयवाले डोक्यावर येऊन बसल्यावर राजा देऊ करतो 10 टॅलेंट (वजनाचं जुनं माप) सोनं, 12 घोडे, 7 नगरं, लग्नासाठी स्वतःची एक मुलगी आणि ब्रिसेइस परत. निरोप घेऊन जातात त्याच सैन्यातले ओडिसियस, म्हातारा फीनिक्स आणि एजॅक्स.

ओडिसियस सगळी यादी घडाघडा म्हणतो, पण राजाचं शेवटचं बोलणं गाळतो: त्याने माझ्यापुढे नमावं, मी त्याच्याहून मोठा राजा आहे. अकिलीसला हे कुणी सांगितलेलं नाही, तरी तो सुरुवातीलाच म्हणतो की पोटात एक आणि ओठांत दुसरं असणारा माणूस मला यमलोकाच्या दाराइतका नकोसा वाटतो. त्याने बरोबर ओळखलं! राजा स्वतः आला नाही, दिलगिरीचा एक शब्द पाठवला नाही.

प्रतिसाद १
साफ असहमत. त्या समाजात भरपाई देणं हीच माफी. शिवाय 'माझी बुद्धी फिरली होती' हे राजाने वडीलधाऱ्यांसमोर कबूल केलंय. एजॅक्स तर रोखठोक सांगतो, भावाचा किंवा पोराचा खून झाला तरी लोक भरपाई घेऊन राग गिळतात, खुनी त्याच गावात राहतो. यावर अकिलीस म्हणतो, तुझं बोलणं मला पटतं, पण तो अपमान आठवला की संताप उसळतो. पटतंय तरी उठत नाही, मग हा अहंकार नाही तर काय?

धागालेखक
पण तो हलतो ना! ओडिसियसला म्हणाला, उद्याच जहाजं काढतो. फीनिक्सने त्याला लहानपणी मांडीवर घेऊन भरवलेलं, त्याचं ऐकून म्हणतो, जायचं की राहायचं ते सकाळी ठरवू. एजॅक्सनंतर परत जायची भाषाच नाही, ट्रॉयचा सेनानी हेक्टर माझ्या जहाजांपर्यंत आला की लढेन म्हणतो. सोन्याने जे झालं नाही ते मायेच्या माणसांनी केलं. आणि ओडिसियस परत जाऊन राजाला फक्त पहिली धमकी सांगतो, याचा मला खरंच राग येतो.

प्रतिसाद २
सोन्याची पर्वा नव्हती म्हणता? मग सोळाव्या सर्गात जिवलग मित्र पॅट्रोक्लसला स्वतःचं चिलखत देऊन धाडताना तो काय सांगतो ते वाचा: तू असा लढ की ते ती मुलगी (ब्रिसेइस) परत करतील आणि वर नजराणेही देतील. एव्हाना जहाजांपर्यंत आग आली होती, हा मात्र तळावरच थांबला. पॅट्रोक्लस मेला तो त्या दिवशी. एकोणिसाव्या सर्गात तेच नजराणे समोर आले तर म्हणतो, द्या नाहीतर ठेवून घ्या. हे त्याला नवव्या सर्गात का सुचलं नाही?

धागालेखक
सोळाव्या सर्गातल्या त्या ओळी माझ्या बाजूने नाहीत, मान्य. पण पॅट्रोक्लसच्या मरणाचं सगळं ओझं एकट्या अकिलीसवर टाकायला मी तयार नाही. ज्याने ब्रिसेइस हिसकावली आणि माफीतही 'नम' म्हटलं, त्याचा वाटा तुम्ही कुठेच मोजलेला नाही.