मदत हवी आहे: अ‍ॅनिमेशन फिल्म कागदावरच पूर्ण करू की संगणकावर नेऊ?

निळीशाई: लवकर सांगा प्लीज, सोमवारी गाइडना उत्तर द्यायचंय. लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, कागदावर करतेय. ते म्हणतात संगणकावर हलती बाहुली, म्हणजे रिग कर, नाहीतर संपणार नाही. मला पेन्सिलच्या रेषेतली थरथर घालवायची नाहीये. रिगमध्ये ती राहते का?

फ्रेममोज्या: फिल्म केवढी? ऑन वन्स की ऑन टूज, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र की दोन फ्रेमना एक? पात्रं किती?

टूनकाका: केवढी का असेना, ब्लेंडर सॉफ्टवेअरमधली ग्रीस पेन्सिल घे, त्यात चित्रं काढता येतात. फुकट आहे. ओनियन स्किनमध्ये मागचं-पुढचं चित्र दिसतं, लाइटबॉक्स हवाय कशाला?

कागदवेडी: काका, ग्रीस पेन्सिलमध्येही चित्रं हातानेच काढायची. ती रिगचं विचारतेय.

निळीशाई: दोन मिनिटं, ऑन टूज. ससून डॉकवरची कोळीण. मागे लिलावाची गर्दी, होड्या.

फ्रेममोज्या: म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे २८८० फ्रेम, १४४० चित्रं. ती नुसत्या कोळणीची, गर्दी वेगळीच! एकटीच आहेस? जमा कधी करायचीय?

दादरकर: थ्रीडी शिकून घ्या, नोकऱ्या तिथेच आहेत. लॅपटॉप घेताना १६ जीबी रॅम बघा.

गिरगावकर: सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून युनिट १९५६ चं. शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले होते, अ‍ॅनिमेटर राम मोहन तिथेच तयार झाले. तेव्हा सगळं हातानेच! पेडर रोडचं सिनेमा संग्रहालय बघून या.

कागदवेडी: निळीशाई, रिग म्हणजे सांध्यांची बाहुली. मधली चित्रं संगणक भरतो. बसून बोलणाऱ्या पात्राला छान चालते. पण तुझी कोळीण पाटी डोक्यावर घेऊन वळली, की चेहरा आणि नऊवारीचा काष्टा प्रत्येक कोनातून नव्याने काढावा लागणार. शिवाय संगणक हालचाल यांत्रिकपणे भरतो. पाटीचं वजन दाखवायचं तर उचलायच्या आधीचा थांबा, मग झटका, हे टायमिंग तुलाच द्यावं लागेल. म्हणून कोळीण कागदावरच ठेव. होड्या आणि गर्दी कटआउट कर, म्हणजे एकदा काढलेले तुकडेच सरकव. गर्दीतली प्रत्येक आकृती तीनदा गिरव आणि ती तिन्ही चित्रं आलटून पालटून फिरव, थरथर तिथेही येते. रंग संगणकावर भर. डिस्नेनेही १९९० पासून अख्ख्या फिल्म अशाच केल्या, चित्रं कागदावर आणि रंग संगणकात.

टूनकाका: दोन पद्धती मिसळल्या की जोड दिसतो. मला पटत नाही.

कागदवेडी: पेन्सिल तीच, कागद तोच, स्कॅन तोच. मग जोड कुठून दिसणार?

निळीशाई: हे जमेल! पाटी उचलायचा शॉट कागदावर झालाच आहे. पण स्कॅन केल्यावर चित्रं इकडेतिकडे उडतात.

टूनकाका: म्हणूनच म्हणतो, कागद सोड.

फ्रेममोज्या: स्कॅनरच्या काचेच्या कडेला पेगबार, म्हणजे कागदाची भोकं अडकवायची खुंट्यांची पट्टी, चिकटव आणि प्रत्येक कागद त्यातच अडकवून स्कॅन कर. ओपनटून्झ हे सॉफ्टवेअर पेगची भोकं ओळखून चित्रं जुळवतं, तेही फुकट आहे. आधी पाचदहा कागदांवर करून बघ. आणि तारीख सांग की! गर्दीत किती माणसं घ्यायची ते त्यावर ठरेल.