समर्पण म्हणजे हातपाय गाळणे नव्हे

एका बंधूंनी विचारले आहे की सर्व काही देवाच्या इच्छेवर सोपवले, तर माणसाने मागणे आणि झटणे सोडून द्यावे काय. येशूने अटकेपूर्वी जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेतील प्रसंग पाहता तसे म्हणता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या 22व्या अध्यायात प्रभू येशू आधी हा (दुःखाचा) प्याला आपल्यापासून दूर व्हावा अशी विनवणी करतो आणि मगच पित्याची इच्छा शिरसावंद्य मानतो. म्हणजे मनातले दुःख न लपवता देवापुढे मांडणे हाही समर्पणाचाच भाग आहे. आमच्या नवापूर भागात पावसाने दगा दिला की मंडळीतील (चर्चमधील) शेतकरी उपासनेत गुडघे टेकून रडतात आणि दुसऱ्या दिवशी दुबार पेरणीसाठी उधारीने बियाणे आणायला निघतात. त्यांचा विश्वास मला कधीच उणा वाटला नाही.

समर्पणासोबत नम्रताही हवी, म्हणून तिच्याबाबत थोडी भर घालतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या वेळी, शिष्य पेत्र येशूकडून पाय धुऊन घ्यायला नकार देतो आणि येशू तो नकार मान्य करत नाही. सेवा करणे आपल्याला जमते, परंतु एखाद्या गरीब भावाची मदत स्वीकारणे, विशेषतः मंडळीच्या वडीलजनांना, फार जड जाते. त्याच भोजनाच्या वेळी येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले गेले होते, याचाही विचार या चर्चेत व्हावा.