'वंडर' पाचवी-सहावीच्या मुलांना द्यावं का?

नौपाडाकर
आमच्या सोसायटीत दर रविवारी मुलांचा वाचनगट भरतो. पुढचं पुस्तक म्हणून मी आर. जे. पालासिओ यांची 'वंडर' (२०१२) सुचवली, तर दोन पालक नको म्हणाले. म्हणून इथे विचारतेय. शेवटाबद्दलही बोलणं होईल, वाचायची असेल त्यांनी जपून.

न्यूयॉर्कमधला दहा वर्षांचा ऑगी. जन्मापासून चेहऱ्याची ठेवण वेगळी, बऱ्याच शस्त्रक्रिया झालेल्या, त्यामुळे आजवर घरीच शिकलेला. पाचवीत पहिल्यांदा शाळेत येतो. त्याचा स्पर्श झाला की धावत जाऊन हात धुवायचे, असा खेळच मुलं सुरू करतात.

मला महत्त्वाचा वाटतो तो जॅक. हॅलोविनला ऑगी मुखवटा घालून वर्गात बसलेला असतो. तो तिथे आहे हे न कळल्याने त्याचा जवळचा मित्र जॅक इतरांच्या सुरात सूर मिसळून त्याच्या चेहऱ्याबद्दल भयंकर बोलतो. पुढे त्याच जॅकच्या तोंडून गोष्ट येते. चारचौघांत मान डोलावणारा साधा मुलगा! आपली बहुतेक मुलं अशीच असतात.

कोपरखैरणेच्या बाई
मीही नकोच म्हणेन. सहावीला शिकवते. सहलीत दुसऱ्या शाळेची मोठी मुलं ऑगीला मारतात आणि मग वर्ग त्याच्या बाजूने होतो. वर्षाअखेर पदक, टाळ्या. आपल्यात घ्यावं म्हणून त्याने आधी मार खायचा? छळणाऱ्या ज्युलियनला तर या पुस्तकात स्वतःचं बोलायलाच मिळत नाही, तो शाळा सोडतो. त्याची बाजू २०१४ मध्ये वेगळ्या कथेत आली. माझ्या वर्गातला ज्युलियन मात्र रोज समोरच्या बाकावर असतो, मला त्याच्याशीच बोलायचं असतं.

वाचनवेडा, वाशी
त्यापेक्षा २०१७ चा सिनेमा दाखवा. तासा-दोन तासांत काम होईल.

नौपाडाकर
सिनेमात चेहरा लगेच समोर येतो. पुस्तकात त्याचं सविस्तर वर्णन बरंच नंतर, बहीण व्हाया करते, तोवर तो मुलगा आपला झालेला असतो. हीच व्हाया आजीकडे चार आठवडे राहून परतते, तेव्हा क्षणभर तिला भाऊ परक्यांच्या नजरेने दिसतो. ते पान मी परत परत वाचलंय.

घणसोलीची आई
माझी मुलगी कानाला मशीन लावते. असं पुस्तक वर्गात वाचलं की सगळ्या माना तिच्याकडे वळतात, हे मी पाहिलंय. इतरांना चांगुलपणा शिकवायला माझं लेकरू नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने भेदभावाशिवाय शाळेत बसायचा तिचा हक्क आहे, त्यासाठी कुणाला तिची दया यायला नको.

नौपाडाकर
ताई, म्हणूनच पुस्तकातली समर नावाची मुलगी सांगते तो भाग वाचा. मुख्याध्यापकांनी जॅक, ज्युलियन, शार्लट यांना ऑगीला सांभाळून घ्यायला सांगितलेलं असतं. समरला कुणीच नाही. पहिल्या दिवशी ती दया येऊन त्याच्या टेबलावर जेवायला बसते, पण नंतर बसत राहते ती त्याच्याबरोबर मजा येते म्हणून.

कोपरखैरणेच्या बाई
समर पटली. पदक अजून पटत नाही. घेणारच असाल तर ते पदक खरं कुणाला मिळायला हवं होतं, एवढं मुलांना विचारा.

घणसोलीची आई
आणि गोल करून मोठ्याने वाचू नका. प्रत घरी नेऊ द्या.