'सॉइल नेलिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका बांधकाम अहवालाचं मराठी करते आहे. हद्दीला लागून मातीची जवळजवळ उभी कड आहे आणि ती 'सॉइल नेलिंग' करून धरायची आहे. मी 'मृदा स्थिरीकरण' लिहिलं. 'धारक भिंत' जास्त सोपं वाटेल का?

उत्तर १ : दोन्ही नकोत. मृदा स्थिरीकरण म्हटलं की रस्त्याच्या कामात चुना किंवा सिमेंट मिसळून माती पक्की करतात ते डोळ्यांसमोर येतं. आणि धारक भिंत मातीच्या बाहेर उभी राहून रेटा पेलते. तिचा पाया बहुधा उंचीच्या निम्म्याहून रुंद लागतो, शिवाय तो घालायला आधी कड मागे खणावी लागते. अडचणीच्या जागेत नेमकं तेच जमत नाही.

नेलिंगमध्ये मातीलाच कामाला लावतात. कड वरून खाली टप्प्याटप्प्यानं तासत यायचं, एक टप्पा साधारण 1 ते 2 मीटरचा. तेवढ्या उंचीत किंचित खाली झुकलेली भोकं पाडायची, सळई (हाच 'नेल') सरकवायची, ग्राउट म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण भरायचं, जाळी बांधून शॉटक्रीट म्हणजे दाबानं फवारलेलं काँक्रीट मारायचं आणि मगच खालचा टप्पा उघडायचा. तेवढा वेळ माती आधाराशिवाय उभी राहिली पाहिजे. सुट्या वाळूत किंवा पाझर असलेल्या जागी हे अवघड जातं. 1972 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायला रेल्वेमार्ग रुंद करताना ही पद्धत वापरली होती. मी 'मातीत सळया रोवून कड धरणे' असं एकदा उलगडून सांगेन आणि पुढे सरळ 'नेलिंग' लिहीन. साईटवरही 'नेल मारले का?' असंच विचारतात.

उत्तर २ : सहमत. फक्त 'नेल' आणि 'अँकर' यांना एकच मराठी शब्द देऊ नका, ही कळकळीची विनंती. अँकर हीही मातीत रोवलेली सळई किंवा तार, पण बसवल्यावर तो ओढून ताण देऊन ठेवतात. नेलला तसा ताण देत नाहीत. माती जराशी सरकू लागली की तो आपसूक ताणला जातो. भाषांतरात हा फरक पुसला गेला, तर वाचणाऱ्याला कामच वेगळं समजेल.

प्रश्न : आणि शॉटक्रीटची 'भिंत'?

उत्तर १ : 'थर' म्हणा. भिंत म्हटलं की सगळा भार तीच घेते असा समज होतो. खरा भार आतल्या सळया घेतात. 'वीप होल'साठी 'पाणी बाहेर पडायची भोकं' एवढं साधं लिहा, 'ती बुजवू नयेत' हेही त्याच ओळीत येऊ द्या. मागे पाणी तुंबलं की मातीची ताकद कमी होते आणि थरावर दाब वाढतो.

प्रश्न : मग वाक्य असं करते : 'मागच्या हद्दीवरची कड वरून खाली टप्प्यांत तासून, मातीत सळया रोवून (नेलिंग) धरावी आणि वर जाळीसह शॉटक्रीटचा थर द्यावा.'

उत्तर २ : छान. नेलची लांबी बऱ्याचदा कडेच्या उंचीच्या 0.7 पटीच्या आसपास असते, म्हणजे टोकं हद्दीपलीकडे जाणार. 'शेजारच्या जमिनीखाली सळया जाणार असल्याने मालकाची लेखी संमती घ्यावी' हे वाक्य मूळ अहवालात आहे का, तेवढं बघा.