अनुभव धागा : उतारावरच्या परड्यात आईवडिलांसाठी प्रीफॅब घर

आपल्याकडे, विशेषतः खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम पट्ट्यात, सपाट जागा जुन्या घरानं नाहीतर भातखाचरानं धरलेली असते. उरतो तो मागचा उतार. थकलेले आईवडील नजरेसमोर राहावेत आणि त्यांची चूलही वेगळी असावी, म्हणून तिथंच तयार सांगाड्याचं दोन खोल्यांचं घर उभारायचं बऱ्याच जणांच्या मनात आहे. ज्यांनी उभारलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा, पण जमीन आणि पाणी यांबद्दल जास्त लिहा. पॅनेलचा हिशेब विकणारा सांगतो, उताराचा कुणी सांगत नाही.

सुरुवात मी करते. आमचं घर येळ्ळूरच्या बाजूला. आईचे गुडघे गेलेत, उद्या चाकाची खुर्ची लागेल हे धरूनच चाललो होतो. नकाशात दार खालच्या अंगाला होतं, कारण रस्ता तिकडे. तिथं जोतं अडीच फूट उंच येत होतं. खुर्चीच्या रॅम्पला एक फूट चढायला बारा फूट लांबी धरतात, म्हणजे आम्हाला तीस फूट हवी. तेवढी जागाच नव्हती. आमचे गवंडीमामा म्हणाले, "ताई, दार वरनं घ्या की!" वरच्या अंगाला जमीन आणि फरशी एका पातळीत, खालच्या अंगाला खांब. आई आता एकही पायरी न उतरता अंगणात येते. उताराचा हा फायदा मला कुठल्याच माहितीपत्रकात दिसला नव्हता.

मात्र दार वर घेतलं की माळावरचं सगळं पाणी दारात येतं. म्हणून दाराच्या बरंच वर आडवी चर खणली, दगडानं बांधली आणि तिची दोन्ही तोंडं घराला वळसा घालून खाली काढली. हे काम सांगाडा यायच्या आधी उरका, नंतर जेसीबीला आत वाट राहत नाही.

जांबोटीजवळून : आमच्याकडे पाऊस म्हणजे पाऊस. भराव न घालता खांबांवरच घर घेतलं. वरचा खांब गुडघ्याएवढा, खालचा डोक्याच्या वर. प्रत्येक खड्डा जांभा लागेपर्यंत नेला, म्हणून खोली सगळीकडे वेगळी. माथे मात्र एका रेषेत हवेत. गवंड्यानं पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक पहिल्या खांबाला धरलं, दुसरं घेऊन पोरगा खांबाखांबाला फिरला; पाणी थांबेल तिथं खडूची खूण. ज्या लोखंडी तळपट्टीवर सांगाडा बसतो ती मातीपासून चांगली वर ठेवा. ओल्या पाल्यात ती बुडाली की गंज तिथूनच धरतो.

चिकोडी तालुका : आमची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. हलकं घर म्हणून पाया उथळ चालेल असं सांगणारे भेटतात. ऐकू नका. हलकं घर ही माती सहज उचलते, आणि उतारावर ती सगळीकडे सारखी उचलत नाही; मग दारं अडकतात. मुरूम लागेपर्यंत खाली जा.

निपाणीहून : आमच्या ठेकेदारानं वरचं कापलं, तीच माती खाली लोटली आणि लगेच वर काँक्रीट घातलं. पहिल्याच पावसाळ्यात खालचा कोपरा बसला, न्हाणीघराची फरशी तडकली. सासूबाईंना पुन्हा जुन्या घरात आणावं लागलं, त्याचं अजून वाईट वाटतं. दुसऱ्या माणसानं भराव उकरून सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारत धुम्मस केला. खालच्या भिंतीत पाणी जायला भोकं ठेवली, भिंतीमागं खडी भरली. भोकं नसलेली भिंत मागच्या पाण्यानं पोट काढते. शोषखड्डाही घराच्या खालच्या अंगालाच घ्या, भरावापासून लांब.

बेळगाव, उद्यमबागेत फॅब्रिकेशन करतो : माझा सल्ला एवढाच की अँकर बोल्ट, म्हणजे सांगाड्याचे खांब पायाला धरून ठेवणारे बोल्ट, फर्म्यात धरूनच काँक्रीटमध्ये बसवा. बोल्ट सरकला की साइटवर पोरं गॅसनं भोक मोठं करतात आणि खांब कमजोर होतो. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग नीट हवंच. आणखी एक, आख्खी केबिन घ्यायची तर वीस फुटी डबा आणि तो उचलणारी हायड्रा क्रेन वळणावरून आत येतात का ते आधी चालत जाऊन बघा. नाहीतर सुटे पॅनेल घ्या, ट्रॅक्टरनं नेऊन माणसं हातानं चढवतात.

खानापूर : कागदांचं कुणी लिहिलं नाही. नटबोल्टावरचं असलं तरी राहतं घर ते घरच. गावठाणातल्या जागेला ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या संगणकावरच्या मालमत्ता नोंदीचा, उतारा लागतो. शेतजमीन असेल तर कर्नाटक जमीन महसूल कायदा 1964 च्या कलम 95 खाली बिगरशेतीचं बघावं लागतं. "उचलून नेता येतं, परवानगी कशाला" या बोलण्यावर पैसे देऊ नका, पंचायतीत आधी विचारा.

कणकुंबी : ताई, छपराचं राहिलं. नुसत्या पत्र्याखाली आषाढात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, आमच्या आबांना तर आधीच कमी ऐकू येतं. छताला मधे फोम भरलेलं पॅनेल घ्या आणि वळचण दोन फूट तरी बाहेर काढा. पागोळ्या पायाशी नकोत, पन्हळ लावून ते पाणी थेट चरीत सोडा. आमची पन्हळ पाल्यानं तुंबते, म्हणून मृगाआधी शिडी लावून साफ करतो.